दुखलं तर या

सुगंधाचं तोंड बंद झालं तेव्हा पहिल्यांदा मला बरंच वाटलं. खोटं कशाला सांगू? ही बाई आमच्या पडवीत राहायला आली त्या दिवसापासून आमच्या पाम गावातल्या कावळ्यांनाही बोलायला जागा उरली नव्हती. पहाटे विहिरीवर तिचा आवाज, दुपारी वाडीत तिचा आवाज, संध्याकाळी चुलीपाशी पुन्हा तिचाच. नवरा चंद्रभान तारापूरला वीजघराच्या बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकायला जायचा, आणि मागे राहिलेली ही मला नगरकडच्या दुष्काळापासून आपल्या आत्याच्या म्हशीपर्यंत सगळं ऐकवायची. तिची भाषा मला निम्मी कळायची, माझी तिला निम्मी. उरलेल्या निम्म्यावरून आमची भांडणं व्हायची.

त्यात आदल्याच दिवशी आमचं वाजलं होतं. चंद्रभान कामावरून चुलीसाठी मोडक्या फळ्या आणायचा आणि ही त्या माझ्या मोगऱ्याच्या वाफ्यात नेऊन रचायची. "तुजा नवरा वीज करतो म्हनून माजा मोगरा मारनार हायेस काय गो?" असं मी तिला म्हटलं. एरवी तिने तोडीस तोड दिलं असतं. त्या दिवशी तिने पदर गालावरून घट्ट ओढला, माझ्याकडे नुसतं बघितलं आणि आत निघून गेली.

मला वाटलं, अबोला धरला. धर म्हटलं. मीही काही कमी नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर आम्ही दोघी शेजारी शेजारी पाणी शेंदत होतो आणि एकीने दुसरीला विचारलं नाही की बाई गं, कशी आहेस. तिने हाताने काहीतरी खूण केली. मी दुसरीकडे बघितलं. मला काय ठाऊक, ती काय सांगते आहे ते!

संध्याकाळी मात्र माझ्या लक्षात आलं की तिच्या चुलीवर भाकरी थापल्याचा आवाजच येत नाही. डोकावून बघते तर बाई एका वाटीतलं ताक दातांच्या फटीतून आत ओढत बसलेली. निम्मं ताक हनुवटीवरून खाली. पदराखाली गालावर कसलासा जाड पिवळा लेप, हळदीचा असावा. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतका ताप.

"काय झालं गो?" मी विचारलं. माझा अबोला तिथेच संपला.

तिने तोंड उघडायचा प्रयत्न केला. ओठ उघडले, दात उघडले नाहीत. डोळ्यांतून पाणी आलं. एवढी बोलणारी बाई, आणि तिच्या घशातून नुसता 'हं, हं' असा आवाज.

तेवढ्यात चंद्रभान कामावरून आला. तिला बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "वैनी," तो म्हणाला, "हिची तर दातखीळ बसली!"

आता आमच्याकडे दातखीळ बसते ती काहीतरी बघितल्यावर. खाडीच्या बांधावर, चिंचेखाली, असं कुठेतरी. म्हणून मी विचारलं, "काय बगितलं हिनं?"

"कुटं?" चंद्रभान म्हणाला.

"मला काय म्हाईत कुठं. तूच बोललास ना दातखील?"

"आवं, बसली म्हणून बोललो. बगायचं काय त्यात?"

मग शेजारच्या झोपडीतली साखरबाई आली. तीही त्यांच्याच बाजूची, सगळ्यांची आजारपणं आपलीच असल्यासारखी वागणारी. तिने सुगंधाची मान इकडे वळवली, तिकडे वळवली आणि म्हणाली, "वारं हाय."

आमच्यात वारं गेलं म्हणजे माणूस एका अंगाने लुळा पडतो. मी सुगंधाचा हात उचलून बघितला. चांगला घट्ट होता, तिने माझ्या दंडाला धरलं ते सोडेना. साखरबाईच्या मनातलं वारं वेगळं होतं, देवीचं. ती लिंबू आणायला गेली. चंद्रभान म्हणाला, थंडीचं वारं असेल, म्हणूनच तर गाल बांधला. तीन माणसं, तीन वारी, आणि ती बिचारी मधे बसून तापाने कापते आहे. मला काही म्हणता काही कळेना.

"दाढ तर नव्हे?" मी म्हटलं. कारण मधे बरेच महिने ती दाढेने हैराण होती.

"छ्या!" साखरबाई आणि चंद्रभान एकदमच बोलले. "दाढंची कीड काढली की."

ते खरं होतं. कीड काढली तेव्हा मीही तिथे होते. बोईसरच्या बाजारात एक वैदू बाई बसायची. साखरबाई सुगंधाला तिच्याकडे घेऊन गेली आणि मी तमाशा बघायला गेले. त्या बाईने निखाऱ्यावर कसल्या तरी बिया टाकल्या, वर उलटी चिलीम धरली, तो धूर नळीने सुगंधाच्या दाढेत सोडला आणि खाली पाण्याची परात ठेवली. पाण्यात पांढरे पांढरे बारीक किडे टपटप पडले. आम्ही सगळ्यांनी वाकून बघितले. सुगंधा त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू कोर्टात चोराला ओळखते आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत दाढ दुखायची थांबली. तेव्हा दाढेचा विषय आमच्यापुरता संपलेला होता. माझीही डावीकडची एक दाढ पोकळ आहे, मी तिला कधीच रजा दिली आणि उजवीकडून चावायला लागले. पण माझी काही दुखत नाही, तेव्हा मी त्या वैदू बाईपुढे बसले नाही.

सकाळी सुगंधाला थुंकीही गिळता येईना. बोईसरच्या डॉक्टरकडे नेली. "काय होतंय?" त्याने आतूनच विचारलं. चंद्रभान म्हणाला, "दातखीळ बसली." ते ऐकताच डॉक्टर खुर्चीतून उठलाच. आत बोलावलं नाही की हात लावला नाही. "पालघरच्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता," म्हणाला. मला वाटलं, यानेही काहीतरी बघितलं असणार.

पालघरला गवत घेऊन जाणारा एक ट्रक मिळाला. गवताच्या गठ्ठ्यांवर सुगंधाला निजवली, पण आडवी केली की तिचा श्वास घुसमटायचा आणि ती धडपडून उठून बसायची. चंद्रभान पुन्हा निजवायचा. ती पुन्हा उठायची. "आगं, नीज की," तो रडकुंडीला येऊन म्हणायचा. बेटेगावजवळ तिने त्याला एक सणसणीत चापट मारली. तेव्हा मी म्हटलं, "बसू दे रे तिला, बसायचं हाय तिला." आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून बसले. मोगऱ्यावरून एवढं बोलायला नको होतं, असं मला सारखं वाटत होतं.

दवाखान्यात शिरल्याबरोबर उजव्या हाताला तातडीची खोली. तिथे एक तरुण डॉक्टर होता, मिसरूड नुकतं फुटलेला, आणि एक मोठी सिस्टर. डॉक्टरने विचारलं, चंद्रभानने सांगितलं. पुन्हा तोच शब्द.

"दातखीळ?" डॉक्टर म्हणाला. "खिळा लागला होता का कुठे?"

चंद्रभान गोंधळला. "खीळ म्हंजे, दाताची खीळ, सायेब."

"ते कळलं. लोखंडी खिळा. पायाला, हाताला. गंजका."

"त्यो व्हय? लागला व्हता की. चुलीच्या फळीचा. टाचंला लागला व्हता."

डॉक्टरने सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने डॉक्टरकडे बघितलं. त्यांच्यात काहीतरी ठरलं आणि आम्हाला कोणी सांगेना. डॉक्टरने सुगंधाच्या पायाची टाच बघितली, तिथे खरंच एक काळा व्रण होता. मान वाकवून बघितली, तर तिने भीतीने अंग असं ताठ केलं की वाकेचना. जबडा उघडायला गेला, उघडेना.

तरी तो तसा हुशार होता. लेपाकडे बोट करून त्याने विचारलं, "हे काय? दाढ दुखते का हिची?"

"न्हाई सायेब. दाढंची कीड काढली. ह्या वैनी सोबत व्हत्या." चंद्रभानने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. किडे मी बघितलेच होते.

डॉक्टरने मग सुगंधालाच विचारलं, सावकाश, एकेक शब्द सोडून. "बाई, तुमची दाढ दुखते का?"

सुगंधाने डॉक्टरकडे बघितलं. क्षणभर विचार केला. आणि मान हलवली. नाही.

झालं. डॉक्टर आम्हाला बाहेर घेऊन आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "धनुर्वात आहे."

हा शब्द मात्र आम्हा दोघांनाही सारखाच कळला. त्यात घाटावरची भाषा नाही की किनाऱ्यावरची नाही. चंद्रभान भिंतीला टेकून खालीच बसला.

सुगंधाला व्हरांड्याच्या टोकाच्या एका खोलीत ठेवली. खिडकीवर घोंगडी टांगली, दार ओढून घेतलं, भर दुपारी आत अंधार. सिस्टरने आम्हाला बजावलं: बोलायचं नाही, शिवायचं नाही, उजेड आत जाऊ द्यायचा नाही. जरा आवाज झाला तरी रोग्याला झटका येतो, अंग धनुष्यासारखं वाकतं, त्यातच माणूस जातो. मुंबईला न्यायला गाडी मागवली होती. संध्याकाळपर्यंत येईल म्हणाले. डॉक्टरने सुईने कसलंसं औषध टोचलं होतं, पण चंद्रभानने "वाचंल ना?" असं विचारल्यावर तो "बघू" म्हणाला. डॉक्टरने बघू म्हणणं काही चांगलं नव्हे.

आम्ही दाराबाहेर बसलो. आत एवढी बडबडी बाई अंधारात एकटी, मुकी, आणि तिला कोणी सांगितलंही नाही की तुला काय झालंय. तिला वाटत असेल, मला कशाला कोंडली? एखादा गुन्हा केला का मी? माझा जीव नुसता तुटत होता. चंद्रभान हळूच म्हणाला, "वैनी, तिला अंधाराची लई भीती वाटती." मग पुन्हा म्हणाला, "गावाकडं तिच्या आईला काय सांगू?"

मधेच दारामागून घरघर ऐकू आली. मी फटीतून बघितलं. अंधारात ती खाटेवर बसली होती, आडवी नाही. मान पुढे काढून श्वास ओढत होती. एक हात गळ्यावर. सिस्टरने तिला निजवली होती, ती उठून बसली होती. ट्रकमध्ये केलं तसंच. मला वाटलं, आत जावं आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसावं. पण मी शिवले आणि झटका आला तर? माझ्या हाताने तिचा जीव गेला तर? मी उभीच राहिले. अशी माझी आयुष्यात कधी पंचाईत झाली नव्हती.

अजून नीट दिसावं म्हणून मी एक पाऊल पुढे टाकलं. दाराशी सिस्टरने एक पत्र्याचं पसरट तसराळं ठेवलं होतं, पांढऱ्या मुलाम्याचं, ते मला दिसलंच नाही. माझा पाय त्यावर पडला. तसराळं उडालं, फरशीवर आपटलं, आणि ठणठणत, गरगरत व्हरांड्याच्या पार त्या टोकाला गेलं. आमच्या गावच्या देवळातली घंटाही एवढी वाजत नाही.

"मेली!" सिस्टर तिकडून ओरडली.

चंद्रभानने डोळे मिटले. मी मिटू शकले नाही. माझ्या धक्क्याने दार सताड उघडलं होतं आणि सुगंधा समोरच बसलेली. मी तिचं अंग वाकायची वाट बघत होते. हात, पाय, पाठ, कुठून सुरुवात होते ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी सगळीकडे बघत होते.

ती वाकली नाही. तिने माझ्याकडे बघितलं, हात वर उचलला आणि कपाळाशी बोट नेऊन ते गरगर फिरवलं. मी काही वेंधळेपणा केला की ती नेहमी करायची ती खूण. डोकं फिरलंय का तुमचं, अशी.

मी रडायलाच लागले. "ती मला येडी बोलते," मी धावत आलेल्या सिस्टरला सांगितलं. "बगा, ती मला येडी बोलते!"

सिस्टर थबकली. तिने सुगंधाकडे बघितलं, फरशीवरच्या तसराळ्याकडे बघितलं, आणि डॉक्टरला बोलवायला गेली. डॉक्टर आला. त्याने सुगंधाच्या कानाशी टाळी वाजवली. ती दचकली, आपण दचकू तेवढीच. त्याने खिडकीवरची घोंगडी ओढून काढली. तिने डोळे बारीक केले. मग त्या डॉक्टरने ते तसराळं उचलून आणलं आणि स्वतःच्या हाताने पुन्हा जमिनीवर आपटलं. सुगंधाने माझ्याकडे बघून विचारलं, म्हणजे डोळ्यांनीच विचारलं, की इथे सगळेच असे आहेत का?

"गरम पाणी आणा," डॉक्टर म्हणाला.

लेप वाळून दगड झाला होता. सिस्टरने तो भिजवून भिजवून काढला. खाली होता तो गाल नव्हताच. जबड्याच्या कडेपासून खाली गळ्यापर्यंत लालभडक, टणक सूज. डॉक्टरने बोट टेकवताच सुगंधा दातांआडून अशी किंचाळली की बाहेरच्या रांगेतले लोक आत डोकावले.

"ही दाढच आहे," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "जबडा त्यामुळे धरलाय. पू गळ्यात उतरतोय. या बाईला आडवी निजवून मुंबईला पाठवली असती तर वाटेत..." मग तो सुगंधाकडे वळला आणि जवळजवळ ओरडलाच, "मग दाढ दुखते का विचारलं तेव्हा नाही कशाला म्हणालात?"

सुगंधाने मिटल्या दातांतून, एकेक अक्षर ढकलत सांगितलं, "दाढ... न्हाई... दुखत. गळा... दुखतुय."

डॉक्टरने डोक्याला हात लावला.

तिथल्या तिथे जबड्याखाली चिरा दिला. ते मी बघितलं नाही. वास मात्र व्हरांड्यात आम्हा सगळ्यांना आला. सिस्टर म्हणाली की तसराळं भरलं. तेच तसराळं. बाहेर आल्यावर डॉक्टरचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. चंद्रभानने त्याचे पाय धरायला वाकून विचारलं, "धनुर्वात कुटं गेला, सायेब?"

"नव्हताच."

"मंग दातखीळ?"

"ती होती."

"आन कीड?"

"कीड अशी नसतेच हो दाढेत," डॉक्टर म्हणाला. "ते बियांचे कोंब असतात. गरम झाल्या की फुटतात."

चंद्रभानने माझ्याकडे बघितलं. मी वाकून बघितलेले किडे बियांचे कोंब होते, दिसलेला धनुर्वात नव्हता, आणि संपलेली दाढ तिच्या गळ्यात उतरली होती. आपल्याला जे नक्की ठाऊक असतं त्यातलं काहीच खरं नसावं, अशी ती दुपार होती.

सुया चालू राहिल्या. ताप उतरला. हळूहळू दातांत बोट शिरेल एवढी फट पडली, मग दोन बोटं. तेव्हा डॉक्टरने ती दाढ काढली. ओढायला फारसं लागलंच नाही म्हणे. दाढ कसली, काळी करवंटी होती नुसती. सुगंधाने ती हातात घेऊन उलटंपालटं करून बघितलं आणि तिचं पहिलं नीट वाक्य काय आलं, तर, "एवडीशीच?"

त्यानंतर तिला थांबवणं शक्य नव्हतं. वॉर्डातल्या सगळ्या बायकांना नगरचा दुष्काळ कळला, आत्याची म्हैस कळली. मी पेज घेऊन जायची आणि कान देऊन बसायची. तिची भाषा एकाएकी मला पाऊण तरी कळायला लागली होती.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर तिच्या खाटेशी आला. त्याला तिला थोडं रागे भरायचं होतं, असं मला वाटलं. हक्कही होता त्याचा, जीव वाचवला होता. "दाढ किडली तेव्हाच दाखवली असती तर पाच मिनिटांचं काम होतं," तो म्हणाला. "एवढं होईपर्यंत घरी का बसून राहिलात? दवाखाना कशासाठी आहे?"

"आले व्हते की," सुगंधा म्हणाली.

"कुठे?"

"हितंच. शिरल्या शिरल्या उजव्या हाताच्या खोलीत. तीनदा आले. लई ठणकायची तवा बोईसरवरनं गाडीनं यायची."

मला हे ठाऊक नव्हतं. चंद्रभानलाही नसावं. तो बायकोकडे बघतच राहिला.

"मग?" डॉक्टरने विचारलं.

"मंग गोळी दिली, पांढरी. त्या गोळीनं बरं वाटायचं." तिने दाराकडे हात केला. तिथे पुड्या घेऊन कंपौंडर उभा होता, माकुणसारचे अण्णा, पिकल्या केसांचे, सगळ्यांशी गोड बोलणारे. "ह्यांनीच दिली. म्हनले, दाताचा डाक्टर बुदवारचा येतो. दुखलं तर ये."

"अगो, तू ती?" अण्णा म्हणाले. "हाय, हाय, ध्यानात हाय माज्या. मंग आलीस का नाय बुधवारी?"

"बुदवारी दुखत नव्हतं."

"गोळी घेतली की दुखायची थांबायची," सुगंधा समजावून सांगत होती. जणू आम्ही सगळे तिच्यासमोर वर्गात बसलो होतो. "बुदवार यायचा तवा दुखत नसायचं. न्हाई दुखत तर कशाला येऊ? तुमीच म्हनले, दुखलं तर ये. मंग दुखायचं शुक्रवारी न्हाईतर रविवारी. तवा यायची. तवा दाताचा डाक्टर नसायचा, गोळी असायची. आन मंग त्या वैदूणीनं कीड काढली. मंग तर दुखायचंच थांबलं."

अण्णांनी डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टरने सिस्टरकडे. सिस्टर खाटेवरची चादर ओढून नीट करायला लागली, ती आधीच नीट होती. कोणाची चूक होती ते मला आजही सांगता येणार नाही. अण्णा गोडच बोलले होते. तिने ऐकलंही होतं, अक्षर न् अक्षर.

डॉक्टरने शेवटी घसा साफ केला. "हे बघा. तुमच्या आणखी दोन दाढा किडल्यात. एक खाली, एक वर. त्या भरून घ्यायला हव्यात. उद्या बुधवार. उद्या दाताचे डॉक्टर येतील, तेव्हा या. कळलं?"

सुगंधाने मान डोलावली. चंद्रभानने गाठोडं उचललं. चार दिवस कामावर खाडा झाला म्हणून मुकादम शिव्या घालत असेल, ही त्याची घाई. व्हरांड्यात अण्णांनी तिच्या हातात पुडी ठेवली आणि तोंडावर बसलेल्या सवयीने, प्रेमाने म्हणाले, "या दोन येळा घे. आनि दुखलं तर ये हां."

सुगंधा थांबली.

"आन न्हाई दुखलं तर?" तिने विचारलं.

मागून येणारा डॉक्टरही दारात उभा राहिला.

"नाय दुखलं तरी ये," अण्णा म्हणाले. पण त्यांना स्वतःलाच ते वाक्य नवं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"न्हाई येनार म्या," सुगंधा म्हणाली. "मला ठावं हाय ना. घरी गेले की धुनं, पानी, चूल. आन दाढ दुखायची न्हाई. दुखली न्हाई की येनार न्हाई. कुनीच येत नसतं." तिने चंद्रभानच्या खांद्यावरचं गाठोडं काढून घेतलं, व्हरांड्यातल्या बाकावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी बसली. "म्या हितंच बसते. बुदवार येऊ द्या."

"आगं, येडी का खुळी तू? उद्या येऊ की पुन्यांदा," चंद्रभान म्हणाला. त्याने दाताच्या कण्या केल्या. मुकादमाचं सांगितलं, गाडीची वेळ सांगितली. लोक काय म्हणतील तेही सांगितलं. सुगंधाने सगळं ऐकून घेतलं, पाय वर घेऊन मांडी घातली आणि तोंड मिटलं. घट्ट. या वेळी आपणहून.

ते मिटलेलं तोंड बघून चंद्रभानही हरला आणि एकटाच गाडी पकडायला गेला. मग डॉक्टरचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी खांबाला टेकून उभी होते आणि माझी जीभ डावीकडच्या त्या पोकळ दाढेत गेली होती. ती आपोआप जाते, मला कळतही नाही.

"आणि तुमचं काय, बाई?" त्याने विचारलं. "तुम्हाला काही होतंय का?"

"नाय बा," मी म्हटलं. "मला काय बी दुखत नाय." आणि सुगंधाच्या शेजारी जाऊन बसले.